वर्षाचे एक पत्र

शिक्षा न्यायालयाच्या दप्तरात एकाच्याच नावे लिहिली जाते. भोगते मात्र सारे घर. बंदिवानांची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ लिहिली गेली. परंतु त्यांच्या पत्रांची वाट पाहणाऱ्या, मुलाखतीसाठी अर्ज करणाऱ्या माणसांचा इतिहास बहुधा लिहावयाचा राहूनच गेला आहे. नाशिक क्षेत्रापुरती या विषयाची थोडी ओळख आम्ही येथे करून देत आहो.

भगूरच्या सावरकर घराण्याचे उदाहरण यासंबंधी प्रथम आठवते. 1909 च्या जून महिन्यात थोरले बंधू गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव यांस कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि मालमत्ताही सरकारजमा झाली. त्यांच्या पत्नी यशोदाबाई, म्हणजेच येसूवहिनी, नाशकात मागे राहिल्या. विलायतेत असलेल्या धाकट्या दिरांनी, विनायकरावांनी, त्यांना धाडलेले काव्यरूप पत्र ‘सांत्वन’ या नावाने प्रसिद्ध आहे. पण पुढील वर्षी सांत्वन करणाराच पकडला गेला. सर्वांत धाकटे नारायणराव यांसही सहा महिन्यांची शिक्षा झाली. तीन भाऊ गजाआड आणि दोन जावा बाहेर, अशी त्या घराची अवस्था झाली.

विनायकरावांस दोन जन्मठेपी, म्हणजे 50 वर्षे, सुनावण्यात आल्या. त्यांच्या पत्नी यमुनाबाई, अर्थात माई, मुंबईस डोंगरीच्या तुरुंगात त्यांना भेटून आल्या. त्यानंतर 4 जुलै 1911 रोजी ते अंदमानास पोहोचले, आणि मध्ये समुद्र आला.

अंदमानच्या बंद्यास वर्षातून एक पत्र धाडण्याची आणि एक पत्र घेण्याची मुभा असे. तीही सवलतच, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांची मर्जी फिरली तर पत्र लांबणीवर पडे. प्रत्येक ओळ अधिकाऱ्यांच्या नजरेखालून जाई, म्हणून मनातले पुष्कळसे मनातच ठेवावे लागे. नारायणराव त्या वेळी कलकत्त्यास वैद्यक शिकत होते. पत्रे त्यांच्या नावे येत. पुढे छापल्या गेलेल्या या पत्रांतील पहिले 15 डिसेंबर 1912 चे आहे, म्हणजे अंदमानात पाऊल ठेवल्यानंतर सतरा महिन्यांनी लिहिलेले. एका कागदात वर्षाची खुशाली, भावाच्या अभ्यासाची चौकशी आणि घरच्या स्त्रियांची विचारपूस मावावयाची. उत्तर न्यून राहिले, तर ते भरून काढावयास पुन्हा वर्ष जावे लागे!

भेटीचा योग आठ वर्षांनी आला. बऱ्याच अर्जविनंत्यांनंतर 1919 च्या मे महिन्यात नारायणराव व माई अंदमानास गेले आणि बंधूंना भेटले. येसूवहिनी मात्र त्या बोटीत नव्हत्या. दहा वर्षे पतिदर्शनाची आस धरून राहिलेल्या त्या साध्वीचे भेटीपूर्वीच, त्याच वर्षी, निधन झाले होते. बाबाराव 1922 साली सुटले. पण ज्या घरी परतावयाचे, तेथे वाट पाहणारे माणूस उरले नव्हते. येसूवहिनींना कोणत्याही न्यायालयाने शिक्षा ठोठावली नव्हती, तरी जन्मठेप खऱ्या अर्थाने त्यांनीच पुरी केली, असे आम्हांस वाटते.

याच नाशकात पुढे 1933 साली तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी 9 ते 13 फेब्रुवारी या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून काढला. त्यांची आई 1917 सालीच निवर्तली होती; मुलाखतीस ती येणार नव्हती, आणि तिच्या नावे टपालही धाडता येणार नव्हते. तरीही बंदिवासात मनाने धाव घेतली ती घराकडेच.

आज तुरुंगातील आप्तास भेटण्याचे व पत्र लिहिण्याचे नियम पुष्कळ सैल झाले आहेत. परंतु भिंतीआड गेलेल्या माणसाचे नाव घरात दबक्या आवाजात घेण्याची रीत अद्याप सर्वत्र गेलेली नाही. शिक्षेचे कारण थोर असो वा लाजिरवाणे, वाट पाहणारी आई किंवा पत्नी निरपराधच असते. तिच्याकडे पाठ न फिरविणे हे ज्ञातिबांधवांचे पहिले कर्तव्य होय.

सभासद कुटुंबांस आमची एक विनंती आहे. आपल्या माळ्यावरील पेटीत तुरुंगाचा शिक्का असलेले एखादे जुने पत्र असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नये. त्यावर ज्याचे नाव आहे, त्याचा इतिहास कदाचित लिहिला गेला असेल. ज्या हातांनी ते जपून ठेवले, त्यांचा पुरावा मात्र तेवढाच आहे.