१४. मोचक घटक

१४. मोचक घटक (आरएफ) : जिवाणूच्या पेशीत पूर्ण झालेली प्रथिनाची साखळी रायबोसोमपासून सोडवणारी प्रथिने. संदेशवाहक आरएनएवर यूएए, यूएजी किंवा यूजीए हे त्रिक आले की प्रथिन तेथे संपते. असा घटक असतो हे मारिओ कापेक्की यांनी १९६७ मध्ये दाखवले. ई. कोलायमध्ये आरएफ-१ हा यूएए व यूएजी ओळखतो, आरएफ-२ हा यूएए व यूजीए. काम झालेल्या घटकाला रायबोसोमवरून हटवण्यास आरएफ-३ मदत करतो.

लेखकाला येथे अभिप्रेत असलेले ‘स्वनियमन’ आरएफ-२चे आहे, आणि ते खरोखर विलक्षण आहे. त्याच्या स्वतःच्या जनुकातच २६व्या जागी यूजीए हे थांबा-त्रिक येते. पेशीत आरएफ-२ पुरेसा असला तर वाचन तेथेच थांबते. तो कमी पडला, की रायबोसोम त्या जागी रेंगाळतो, एक अक्षर पुढे सरकतो आणि नवा आरएफ-२ पूर्ण तयार होतो.

पुढच्या परिच्छेदातील ‘अकाली मोचन’ वेगळे. चुकीचे अमिनो आम्ल जोडले गेल्यावरही रायबोसोमला ती चूक जाणवते आणि थांबा-त्रिक नसतानाही आरएफ-२ व आरएफ-३ अर्धवट साखळी सोडवतात, हे हानी झाहेर आणि रेचल ग्रीन यांनी २००९ मध्ये दाखवले. टीएम-आरएनएकडून होणाऱ्या सुटकेशी वाचकांनी त्याची गल्लत करू नये. तो मार्ग मुख्यतः थांबा-त्रिकच गमावलेल्या तुटक्या संदेशांसाठी आहे. – संपा.