काचेच्या टाकीतले मोठे कॅटफिश

शिंगाळा, मागूर यांच्या जातकुळीतले मिशीवाले मासे, म्हणजे कॅटफिश, घरातल्या काचेच्या टाकीत पाळण्याची रीत सुमारे दीडशे वर्षांची आहे. तिची सुरुवात लहान माशांपासून झाली. लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1850 मध्ये दाखवून दिले, की पाणवनस्पती, गोगलगाई आणि मासे यांचा मेळ बसला तर टाकीतले पाणी दीर्घकाळ चांगले राहते. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकाने हा छंद दिवाणखान्यांत नेला. पॅरिसचे पियर कार्बोनिए यांनी 1878 मध्ये कोरीडोरास पॅलिएटस या दक्षिण अमेरिकेतल्या बोटभर कॅटफिशची टाकीत पैदास केली. कोरीडोरास थव्याने राहतो, तळाशी चरतो आणि कुणाच्या वाटेला जात नाही. अशा माशांमुळे कॅटफिश म्हणजे टाकीचा तळ साफ करणारा गरीब प्राणी, असा समज छंदात घर करून बसला. मोठ्या कॅटफिशच्या बाबतीत हाच समज महागात पडला.

त्या काळच्या टाक्या लोखंडी चौकटीत लांबी भरून काचा बसवलेल्या असत. पाणी गरम ठेवायचे तर पाटीच्या दगडाच्या तळाखाली स्पिरिटचा दिवा किंवा गॅसची ज्योत लावावी लागे. उष्ण प्रदेशातले मोठे मासे अशा टाकीत टिकणे कठीणच होते. थंड पाण्यातल्या बुलहेड या अमेरिकी कॅटफिशला मात्र दिव्याची गरज नव्हती. जर्मनीतले मत्स्यसंवर्धक माक्स फॉन डेम बोर्न यांनी 1885 मध्ये तपकिरी बुलहेड अमेरिकेहून आणला तो तळ्यांत वाढवण्यासाठी. काटक आणि कमी प्राणवायूतही तग धरणारा हा मासा तिथून घरच्या टाक्यांतही शिरला. दिवसा आडोशाला पडून राहायचे, अंधार पडला की बाहेर यायचे आणि आपल्या जागेत दुसरा मोठा मासा आला तर त्याला चावे घेऊन हुसकायचे, असा त्याचा स्वभाव.

हे भांडण नेमके कशावरून चालते, याचा उलगडा व्हायला 1960चे दशक उजाडावे लागले. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील जॉन टॉड, येल्ले आटेमा आणि जॉन बार्डाक यांनी पिवळ्या बुलहेडचे वागणे टाक्यांत ठेवून अभ्यासले आणि 1967 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. मोठे कॅटफिश एकत्र ठेवण्याच्या इतिहासात या कामाइतके मोलाचे दुसरे काही नाही. बुलहेडची नजर अधू असते. त्याचे जग वासाचे आणि चवीचे. त्याच्या मिशांवर आणि सगळ्या अंगावर मिळून लाखाहून अधिक स्वादकलिका असतात. मात्र शेजारी कोण आहे हे तो नाकाने ओळखतो. दृष्टी नसलेला बुलहेड दोन सोबत्यांमधला फरक केवळ त्यांच्या पाण्याच्या वासावरून सांगू शकतो. घ्राणशक्ती गेलेल्याला ते जमत नाही. टाकीतल्या दोघांमध्ये एकदा वरचढ कोण हे ठरले, की रोजची मारामारी थांबते, कारण प्रत्येकाला दुसऱ्याचा वास आणि त्यासोबत त्याची पायरीही लक्षात राहते. परका वास आला, की हल्ला होतो. दाटीवाटीने राहणाऱ्या बुलहेडच्या टाकीत जागेच्या वाटण्या पडत नाहीत, आणि त्या टाकीतले पाणी भांडखोर माशांच्या टाकीत सोडले तर त्यांचाही जोर ओसरतो. 1987 मध्ये आटेमा यांनी एका सहकाऱ्यासह आणखी एक बाब दाखवली: खाणे बदलले की माशाच्या अंगाचा वास बदलतो आणि जुने सोबतीही त्याच्याशी परक्यासारखे वागू लागतात.

टाकीची एक बाजू कुणाची आणि दुसरी कुणाची, हे नुसते बघून कळत नाही, ते या अभ्यासानंतर स्पष्ट झाले. मोठा कॅटफिश जागेसाठी भांडतो हे खरे, पण त्या जागेची खूण पाण्यात विरघळलेली असते.

याच सुमारास छंदाची साधने बदलली. 1960च्या दशकात सिलिकॉनने काचेला काच चिकटवता येऊ लागली आणि लोखंडी चौकटीविना मोठ्या टाक्या बनू लागल्या. विजेचे हीटर आणि जोरकस फिल्टर हाती आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे पाणी आणि वर ऑक्सिजन भरून विमानाने मासे पाठवण्याची पद्धत महायुद्धानंतर रूढ झाली होती. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला रेडटेल कॅटफिश याच वाटेने जगभरच्या दुकानांत पोचला. काळी पाठ, पांढरा पट्टा, तांबडी शेपटी; बोटभर पिल्लू फारच देखणे दिसते. पण वाढ झपाट्याची, आणि पूर्ण वाढलेला मासा मीटरभराहून लांब आणि वजनाने 40 किलोंच्याही पुढे जाऊ शकतो. त्याला हजारो लिटर पाणी लागते. तोंडात मावेल ते तो गिळतो, मग तो सोबतीला ठेवलेला दुसरा कॅटफिश का असेना. आग्नेय आशियातल्या मत्स्यशेतांत हार्मोनची इंजेक्शने देऊन त्याची आणि पट्टेदार शॉव्हेलनोज कॅटफिशशी केलेल्या संकराची पिल्ले मुबलक निघू लागली, तसे भाव उतरले आणि टाकीचा विचार न करता घेणारे वाढले. या धंद्यातला सर्वांत मोठा दोष हाच: विकताना पिल्लाची लांबी दिसते, वाढलेल्या माशाची सांगितली जात नाही.

भारतातल्या दुकानांत ज्याला सरसकट ‘सकर’ म्हणतात त्या चिलखती कॅटफिशची गोष्ट वेगळी आहे. दक्षिण अमेरिकेतले हे मासे तोंडाच्या चकतीने दगडाला चिकटतात, आणि त्यांच्यातला नर कपारीत किंवा बिळात अंडी राखतो. मालकी त्या बिळाची असते. उरलेल्या पाण्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. 1980च्या दशकात ब्राझीलमधून इतक्या नव्या जाती येऊ लागल्या, की शास्त्रज्ञांना नावे देणे झेपेना. तेव्हा ‘डीएटीझेड’ या जर्मन मासिकाने 1988 मध्ये प्रत्येक नव्या रूपाला ‘एल’ अक्षर आणि एक क्रमांक देण्याचा पायंडा पाडला. शिंगू नदीतला काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा एल 46 सर्वांना भुलवून गेला; 1991 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळाले. बेलो मोंते धरणाने त्याच्या नदीचा प्रवाह बदलला आणि 2022 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचे साइट्स कराराचे नियंत्रण अधिक कडक करण्याचे ठरले. तोवर पाळणाऱ्यांनी मातीच्या आणि दगडी पाटीच्या नळ्या टाकीत ठेवून त्याची पैदास साधली होती.

नळ्यांचा हा उपाय मोठ्या कॅटफिशनाही लागू पडला. प्रत्येक माशाला एक आडोसा आणि वर दोनतीन जास्तीचे. दोन आडोशांची तोंडे समोरासमोर नकोत. मासे शक्यतो एकाच वेळी सोडायचे. नवा आणायचाच तर आधी दगड-लाकडांची मांडणी बदलायची, म्हणजे जुन्याची हद्द मोडते. एकाच जातीचे दोन सारख्या आकाराचे नर सोबत ठेवायचे नाहीत. या साऱ्या युक्त्या पाळणाऱ्यांनी अनुभवाने शोधल्या, पण मिशिगनच्या टाक्यांत दिसलेल्या गोष्टींशी त्या चांगल्या जुळतात. मात्र रेडटेलसारख्या माशाला घरच्या टाकीत अशी हद्द आखून देता येत नाही. तिथे कोणतीही युक्ती अपुरी पडते.

नको झालेले मासे मग कुठे जातात, हा या छंदाच्या इतिहासातला दुःखद भाग. युरोप-अमेरिकेतल्या सार्वजनिक मत्स्यालयांकडे वाढलेले रेडटेल घेण्यासाठी इतक्या विनंत्या येऊ लागल्या, की बहुतेकांनी नकार देणे सुरू केले. 1960च्या दशकाच्या आरंभी फ्लोरिडात थायलंडहून शोभेसाठी आणलेला मागुराच्या जातीचा चालणारा कॅटफिश मत्स्यशेतांतून निसटला. राज्याने बंदी घातली तेव्हा काही व्यावसायिकांनी उरलेला साठाही पाण्यात सोडला असे मानले जाते. भारतात टाकीत न मावणारे सकर केरळ, बंगाल, तामिळनाडूच्या पाण्यांत पसरले. महाराष्ट्रात उजनी जलाशयात ते मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागले. अंगावरच्या काटेरी तकटांनी जाळी फाटतात, माशाला बाजारात मोल नाही, आणि नर अंडी राखण्यासाठी काठाच्या मातीत खोल बिळे पाडतात. काचेच्या टाकीत मातीच्या नळीवर जी मालकी त्याने गाजवली असती, तीच आता बांधाच्या मातीवर चालते.