उन्हाळा, पाणी आणि विनय

विनयपिटक म्हणजे केवळ भिक्षूंच्या नियमांची जंत्री, असे समजून आपले अनेक अभ्यासक ते बाजूस ठेवतात. वस्तुतः तेथे नियमांच्या आधी तो करण्यास कारण झालेला प्रसंग सांगितलेला असतो, आणि अशा प्रसंगांतून प्राचीन भारताचे रोजचे जीवन उलगडते. उन्हातान्हात फिरणाऱ्या माणसाने जीव कसा सांभाळावा, हा प्रश्नही त्यांत पुनःपुन्हा येतो.

चुल्लवग्गातील एक प्रसंग विशेष विचार करण्याजोगा आहे. कोसल जनपदातून दोन भिक्षू प्रवास करीत होते. त्यांतील एकाचे वर्तन अनुचित होते. दुसऱ्याने त्यास तसे बोलून दाखविले. पहिल्याने मनात अढी धरली. पुढे दुसरा भिक्षू तहानेने व्याकूळ झाला. पाण्यातील जीवजंतूंची हिंसा घडू नये म्हणून भिक्षू पाणी गाळूनच पीत असत. त्याने सोबत्याजवळ गाळणे मागितले. सोबत्याने ते दिले नाही. तो भिक्षू तहानेने वाटेतच मरण पावला. ही वार्ता तथागतांच्या कानी गेली तेव्हा त्यांनी त्या भिक्षूची निर्भर्त्सना केली आणि नियम घालून दिला : प्रवासात मागितलेले गाळणे नाकारू नये, गाळण्यावाचून प्रवासास निघू नये, आणि गाळणे नसेलच तर संघाटीच्या पदराने पाणी गाळून प्यावे. अहिंसेसाठी स्वीकारलेले साधन माणसाच्या मृत्यूस कारण होऊ नये, एवढी दक्षता या शेवटच्या तरतुदीत आहे.

स्नानाचा नियमही असाच बोलका आहे. राजगृहातील तपोदा या उष्णोदकाच्या ठिकाणी भिक्षू फार वेळ स्नान करीत राहिले. राजा बिंबिसार त्यांचे आटोपण्याची वाट पाहत थांबला. त्याचे स्नान होईपर्यंत नगराचे दरवाजे बंद झाले आणि राजाला रात्र बाहेर काढावी लागली. त्यावरून पंधरा दिवसांच्या आत पुन्हा स्नान करू नये, असा नियम झाला. परंतु उकाड्याचे दिवस आले, अंगावरचा घाम तसाच घेऊन भिक्षू झोपू लागले, वस्त्रे व अंथरुणे खराब होऊ लागली. तेव्हा ग्रीष्माचा अखेरचा दीड महिना आणि वर्षाऋतूचा पहिला महिना, असे अडीच महिने या नियमातून वगळण्यात आले. आजारपण, श्रमाचे काम आणि प्रवास यांनाही सूट मिळाली. नियम माणसासाठी असतो, हे तथागतांनी असे आचरणातून दाखविले.

महाराष्ट्रीय वाचकाला महावग्गातील सोण कुटिकण्णाची कथा अधिक जवळची वाटावी. अवंती-दक्षिणापथातील महाकच्चायनांचा हा शिष्य गुरूचा निरोप घेऊन तथागतांकडे गेला. आमच्याकडील जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली आहे, तेथील लोक स्नानाला महत्त्व देतात, असे त्याने निवेदन केले. तथागतांनी अशा सीमावर्ती प्रदेशांत अनेक पदरी तळाच्या वहाणा वापरण्यास आणि नित्य स्नान करण्यास अनुमती दिली. वैशाखात काळ्या रानातून अनवाणी चाललेल्या माणसाला या सवलतीचे मोल वेगळे सांगावयास नको.

संघाने विहिरी बांधल्या, पाणीशाळा उभारल्या. ताडाच्या पानाचा पंखाही विनयाने मान्य केला. पुढे सम्राट अशोकाने हेच कार्य राज्याच्या पातळीवर नेले. रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदविल्या, माणसांसाठी व पशूंसाठी पाणपोया ठेवल्या, असे तो स्तंभलेखात सांगतो. पशूंचा उल्लेख मुद्दाम लक्षात ठेवावा.

आपल्या सह्याद्रीतील लेण्यांत पावसाचे पाणी साठविण्यासाठी कातळात टाकी कोरलेली आहेत. ब्राह्मी लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे, आणि पोढी हे लेण्याइतकेच दान देण्याजोगे मानले जाई. महाडजवळच्या गांधारपाले येथील लेखात कुमार काणभोअ याने लेणे, चैत्यगृह आणि आठ ओवऱ्यांसह लेण्याच्या दोन्ही बाजूंस पोढ्या दिल्याची नोंद आहे. डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या परिषदेसाठी आले असता बाबासाहेबांनी महाडजवळचे हे बौद्ध अवशेष पाहिले.

त्याच महाडात, त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, परिषदेस जमलेल्या हजारो माणसांसाठी स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. वस्तुतः नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे सर्वांना खुले केले होते. परंतु तो ठराव कागदावरच होता. जनावरे तेथे पाणी पीत, अस्पृश्य माणूस मात्र पिऊ शकत नव्हता. २० मार्चला बाबासाहेबांनी ओंजळीने ते पाणी घेतले. तळ्यावरचा हक्क मान्य करणारा उच्च न्यायालयाचा निकाल मात्र १७ मार्च १९३७ रोजी लागला. मधल्या काळात महाडच्या अस्पृश्य वस्तीने आणखी दहा उन्हाळे काढले.