त्रेंतो : पर्वतराजीतील एक प्रांत

'ट्रेंटची परिषद' हे शब्द आम्हां कॅथॉलिकांच्या कानांवरून धर्मशिक्षणाच्या वर्गापासूनच गेलेले असतात. तथापि ती परिषद ज्या नगरात भरली त्या नगराविषयी आणि त्याच्या सभोवतीच्या डोंगराळ प्रांताविषयी आमची माहिती बहुधा तेथेच थांबते. ट्रेंट म्हणजे आजचे त्रेंतो. उत्तर इटलीत, आल्प्स पर्वताच्या दक्षिण अंगाला त्याच नावाचा स्वायत्त प्रांत आहे. एका लहान समाजाने सत्तांतरांच्या तडाख्यात आपले सत्त्व कसे राखले, आणि सत्ता हाती आल्यावर त्याच्यापुढे कोणता प्रश्न उभा राहिला, हे ह्या प्रांताच्या इतिहासातून समजून घेण्याजोगे आहे.

प्रथम भूगोल पाहू. प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास आहे. बहुतांश भूमी हजार मीटरहून उंच, आणि निम्म्याहून अधिक भूभाग वनांनी व्यापलेला. उत्तरेकडून आदिजे नदी येते व प्रांताच्या मधोमध दक्षिणेला वाहत जाते. तिच्याच काठी, समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरदेखील उंच नसलेल्या सखल पट्टीत त्रेंतो नगर वसले आहे. पूर्वेला डोलोमाइट पर्वत आहेत. प्राचीन समुद्रतळाच्या खडकांतून घडलेली ही शिखरे संध्याकाळच्या उन्हात गुलाबी दिसतात. २००९ साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारशात समावेश केला. पश्चिमेला आदामेल्लोची हिमनदी आहे आणि दक्षिणेला गार्दा सरोवराचे उत्तर टोक. हिमशिखरे आणि ऑलिव्हच्या बागा एकाच दिवशी पाहाव्यात असा हा प्रदेश आहे.

पर्वत म्हणजे आडोसा असे आपण मानतो. पण आदिजेचे खोरे हा इटली आणि जर्मन देश ह्यांना जोडणारा राजमार्ग होता. आणखी उत्तरेला असलेली ब्रेनर खिंड अवघी १,३७० मीटर उंच असल्याने सम्राटांची सैन्ये, व्यापारी व यात्रेकरू ह्याच वाटेने जात-येत. ही वाट विश्वासू हाती असावी म्हणून सम्राट दुसरा कॉनराड ह्याने १०२७ साली त्रेंतोच्या बिशपांना ऐहिक सत्ता बहाल केली. तेव्हापासून १८०३पर्यंत, म्हणजे पावणेआठशे वर्षे, येथे राजबिशपांचा अंमल होता. त्यांचा बोनकोन्सिल्यो किल्ला आजही नगरात दिमाखाने उभा आहे. त्याच्या एका बुरुजात इ.स. १४००च्या सुमारास रंगवलेली महिन्यांची भित्तिचित्रे आहेत. त्यांत सरदारांच्या करमणुकीबरोबरच शेतकऱ्यांची पेरणी, कापणी व द्राक्षांची तोडणीही आहे.

परिषद येथेच का भरली, ह्याचे उत्तरही भूगोलातच आहे. जर्मनांना परिषद साम्राज्याच्या हद्दीत हवी होती, तर पोपमहोदयांना ती रोमपासून फार दूर नको होती. त्रेंतो साम्राज्यात होते आणि तेथील भाषा इटालियन होती. १३ डिसेंबर १५४५ रोजी संत विजिलियस ह्यांच्या कॅथीड्रलमध्ये परिषदेचे उद्घाटन झाले. मध्यंतरी युद्धे, रोगराई व मतभेद ह्यांमुळे खंड पडत, पोप बदलत, तिचा समारोप ४ डिसेंबर १५६३ रोजी झाला. ज्या क्रुसासमोर तिचे ठराव घोषित झाले तो भव्य क्रूस कॅथीड्रलमध्ये आजही पाहावयास मिळतो.

ह्या परिषदेने आमच्या घरापर्यंत काय पोहोचवले? नोव्हेंबर १५६३मध्ये तिने ठरवले की, विवाह धर्मग्रामाचे धर्मगुरू व किमान दोन साक्षीदार ह्यांच्या समक्षच व्हावा आणि त्याची नोंद वहीत ठेवली जावी. गुपचूप विवाह करून पुढे तो नाकारणाऱ्या पुरुषांमुळे अनेक स्त्रिया निराधार होत असत. त्या अन्यायावरचा हा उपाय होता. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे लिहून ठेवण्याचा नियमही तेव्हाचाच. पोर्तुगालने परिषदेचे निर्णय १५६४ साली स्वीकारले, आणि वसई तर १५३४पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. आज आमच्या चर्चच्या कचेरीतून विवाहासाठी बाप्तिस्म्याचा दाखला आणावा लागतो, त्या रीतीमागे त्रेंतोचीच शिस्त आहे.

नेपोलियनच्या काळात राजबिशपांचे राज्य संपुष्टात आले, आणि १८१५नंतर हा प्रदेश ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांताला जोडला गेला. राजधानी इन्सब्रुक, बहुसंख्याक जर्मनभाषक, आणि त्रेंतोचे इटालियनभाषक त्यांत अल्पसंख्य. स्वतंत्र विधिमंडळाची त्यांची मागणी वारंवार फेटाळली गेली. भरीस भर म्हणजे दारिद्र्य. १८८२च्या महापुरांनी शेती उद्ध्वस्त केली आणि माणसे देशांतराला लागली. अशा वेळी फादर लोरेंत्सो ग्वेत्ती हे खेडेगावचे धर्मगुरू पुढे आले. त्यांनी १८९० साली ब्लेज्यो भागात पहिली सहकारी संस्था उभारली आणि १८९२मध्ये ग्रामीण पतपेढी सुरू केली. भीक नको, कर्जाचा फासही नको, शेजाऱ्याने शेजाऱ्यास जामीन राहावे, हे तिचे तत्त्व होते. नोन खोऱ्यातील सफरचंद-बागायतदारांची 'मेलिंदा' ही १९८९पासूनची संघटना त्याच परंपरेतील होय. वसईतील कॅथॉलिक पतसंस्था १९१८ साली स्थापन झाली व पुढे बँक म्हणून वाढली. तिचा इतिहास जाणणाऱ्या वाचकांना ही वाट अनोळखी वाटणार नाही.

पहिल्या महायुद्धात त्रेंतोचे हजारो तरुण ऑस्ट्रियाच्या गणवेशात दूर गॅलिशियात लढले, तर काही सीमा ओलांडून इटलीच्या सैन्यात गेले. त्यांपैकी चेझारे बात्तिस्ती हे स्वतः भूगोलतज्ज्ञ होते. त्यांना जुलै १९१६मध्ये बोनकोन्सिल्यो किल्ल्यातच फाशी देण्यात आले. युद्धानंतर त्रेंतो इटलीला मिळाले आणि त्याच्याबरोबर उत्तरेकडचा जर्मनभाषक दक्षिण तिरोलही. फॅसिस्ट राजवटीने तेथील जर्मन शाळा बंद केल्या, तेव्हा कॅनन मिखाएल गाम्पर ह्या धर्मगुरूंच्या प्रेरणेने घराघरांतून गुप्त वर्ग भरू लागले.

आता पारडे फिरले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीचे पंतप्रधान होते आल्चीदे दे गास्पेरी. ते ह्याच प्रांतातील पिएवे तेझीनो गावी १८८१ साली जन्मले होते, आणि तरुणपणी व्हिएन्नाच्या संसदेत अल्पसंख्य इटालियनांची बाजू मांडत होते. ५ सप्टेंबर १९४६ रोजी त्यांनी ऑस्ट्रियाचे परराष्ट्रमंत्री ग्रूबर ह्यांच्याशी करार केला व जर्मनभाषकांना स्वायत्ततेची हमी दिली. परंतु १९४८च्या कायद्याने त्रेंतो व बोल्झानो हे दोन्ही प्रांत एकाच प्रदेशात बांधले, आणि त्या प्रदेशात बहुमत झाले इटालियनांचे. १९५७ साली हजारो जर्मनभाषक बोल्झानोजवळील एका किल्ल्यावर जमले. त्यांची घोषणा होती, 'ट्रेंटपासून दूर!' इन्सब्रुकविरुद्ध जी तक्रार त्रेंतोने शतकभर केली, तीच आता त्रेंतोविरुद्ध होत होती.

दीर्घ वाटाघाटींनंतर, मधल्या काळात बाँबस्फोटही होऊन गेल्यावर, १९७२च्या नव्या कायद्याने मार्ग निघाला. बहुतेक अधिकार दोन्ही प्रांतांना स्वतंत्रपणे मिळाले, आणि १९९२ साली ऑस्ट्रियाने हा तंटा मिटल्याचे जाहीर केले. आज त्रेंतोचे ३५ सदस्यांचे विधिमंडळ आहे. शाळा, आरोग्य, रस्ते, वने व पर्यटन ह्यांचा कारभार प्रांतच पाहतो आणि येथे गोळा होणाऱ्या करांचा फार मोठा वाटा प्रांतातच राहतो. फासा खोऱ्यातील लादीन भाषकांसाठी विधिमंडळात एक जागा राखीव आहे. मोकेनी व चिंब्री ह्या चिमुकल्या भाषांनाही कायद्याचे संरक्षण आहे. स्वतः सोसलेले दुःख दुसऱ्याच्या वाट्याला येऊ नये, एवढे शहाणपण ह्या समाजाने सावकाश, पण निश्चितपणे मिळवले, असे आम्हांला वाटते.

पर्यटकाने येथे नोन खोऱ्यातील संत रोमेदियुस ह्यांचे तीर्थस्थान अवश्य पाहावे. एका सुळक्यावर एकावर एक रचलेली चॅपेले शंभरहून अधिक पायऱ्यांनी जोडलेली आहेत. पानेवेज्योच्या अरण्यातील स्प्रूसच्या लाकडाची व्हायोलिने प्रसिद्ध आहेत. मात्र हे सौंदर्य नाजूक आहे. २०१८च्या वादळात लक्षावधी वृक्ष कोसळले, आणि ३ जुलै २०२२ रोजी मार्मोलादा शिखरावरील हिमनदीचा तुकडा तुटून अकरा जणांचा बळी गेला. तापमानवाढीपासून पर्वतही सुरक्षित नाहीत.

रोवेरेतो गावी 'मारिया दोलेन्स', म्हणजे दुःखी मरिया, ह्या नावाची प्रचंड घंटा आहे. फादर आंतोनियो रोस्सारो ह्यांच्या कल्पनेतून, महायुद्धात परस्परांशी लढलेल्या राष्ट्रांनी दिलेल्या तोफांच्या धातूतून ती ओतली गेली व १९२५ साली प्रथम वाजली. पुढे ती पुन्हा ओतावी लागली, आणि नव्या घंटेला १९६५ साली पोप पॉल सहावे ह्यांनी आशीर्वाद दिला. सर्व राष्ट्रांच्या मृतांसाठी ती रोज सायंकाळी शंभर टोले देते. त्यांत ऑस्ट्रियाचे मृत आणि इटलीचे मृत असा भेद नाही. आमच्यासारख्या संख्येने लहान समाजाने ह्या प्रांताकडून घ्यावयाचे ते हेच : आपली भाषा, आपली संस्था व आपली श्रद्धा निष्ठेने जपावी, आणि शेजाऱ्याच्या भाषेला व श्रद्धेलाही तितकीच जागा द्यावी.