पाऊस आणि माणसे

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीत. पाचवीत मुले नऊ. भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर लिहितो, 'जेथे पाऊस विपुल, तेथे वस्ती दाट'. आणि खिडकीतून बंद घरांकडे नजर गेली की ते वाक्य पुसून टाकतो.

येथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण जांभा दगड पाणी धरून ठेवीत नाही, उतार तीव्र आणि समुद्र जवळ. होळी सरली की विहिरींचे तळ दिसू लागतात. त्यात जमीन खोताची. खोती मोडणारा कायदा झाला १९४९ साली. तोवर कुळांच्या कैक पिढ्यांनी मुंबई गाठली होती. तेथे १८५४ साली कावसजी दावरांनी कापडगिरणीची कंपनी काढली, मागोमाग गिरण्यांची रीघ लागली, आणि आमचे पुरुष आगबोटीने गेले. बायका भातशेतीत राहिल्या. २०११ च्या खानेसुमारीतही जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया आहेत!

१९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली, तेव्हा सारे म्हणाले, आता गावे भरतील. (खोटे कशाला सांगू, मीही म्हणालो.) २००१ मध्ये जिल्ह्याची वस्ती १६ लाख ९६ हजार होती, २०११ मध्ये १६ लाख १५ हजार. चौरस किलोमीटरला येथे दोनशेही माणसे नाहीत. मुंबई उपनगरात वीस हजारांवर.

माझा मुलगा यंदा दहावीला आहे. परवा त्याने सहज विचारले, "बाबा, दादरचे तिकीट किती हो?"