मुंबईतील गृहनिर्माण : राज्य शासन आणि महापालिका

मुंबईत घरे कोठे, किती दाटीने आणि कोणासाठी बांधायची हे राज्य शासनाने ठरवायचे की बृहन्मुंबई महानगरपालिकेने, याविषयीचा सव्वाशे वर्षांचा वाद. शहराचा विकास आराखडा महापालिका तयार करते. पण झोपडपट्ट्या, म्हाडाच्या वसाहती आणि धारावी यांविषयीचे निर्णय राज्याने नेमलेल्या संस्था घेतात. तेथे उभ्या राहिलेल्या इमारतींना पाणी देणे, त्यांचे सांडपाणी वाहून नेणे, कचरा उचलणे आणि दवाखाने चालवणे ही कामे मात्र महापालिकेकडेच येतात. निर्णय एकाचा आणि भार दुसऱ्याचा, अशी या वादाची गाठ आहे.

तिचे मूळ 1896 च्या प्लेगमध्ये सापडते. साथीनंतर सरकारने 1898 मध्ये कायदा करून सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि गलिच्छ वस्त्या हटवण्याचे, नवे रस्ते काढण्याचे काम पालिकेला वगळून त्याच्याकडे दिले. सरकारच्या अविश्वासाला कारण होते. त्या काळी पालिकेचे मतदार म्हणजे कर भरणारे लोक. त्यांत घरमालकांचे वजन मोठे, आणि भाडेकरूंच्या कोंदट खोल्या सुधारण्याची त्यांना घाई नव्हती. ट्रस्टने प्रिन्सेस स्ट्रीट आणि मोहम्मद अली रोड काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या, बीआयटी चाळी बांधल्या. पण सुरुवातीच्या वर्षांत त्याने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली कुटुंबे शेजारच्या गल्ल्यांत शिरली आणि तेथली गर्दी निस्तरणे पालिकेच्या वाट्याला आले. 1920 मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात सरकारने पुन्हा स्वतःचेच विकास खाते उघडले. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथील 207 बीडीडी चाळी ही त्या खात्याची निर्मिती. ट्रस्ट 1933 मध्ये पालिकेत विलीन झाला.

आजची कायदेशीर घडी मुख्यतः तीन अधिनियमांनी बसवली आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम, 1888 नुसार कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या हाती असते आणि आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार विकास आराखडा शासनाच्या मंजुरीनेच लागू होतो. शिवाय कलम 154 खाली शासनाने दिलेले निर्देश नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक असतात. तिसरा अधिनियम 1971 चा झोपडपट्टी कायदा. 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून हे चित्र बदलेल अशी अपेक्षा होती. घटनेच्या बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांत नगरनियोजन, जमीनवापर व बांधकामांचे नियमन आणि गलिच्छ वस्त्यांची सुधारणा हे तिन्ही विषय आहेत. परंतु अनुच्छेद 243 डब्ल्यूनुसार राज्य विधिमंडळ हे अधिकार नगरपालिकांना देऊ शकते. दिलेच पाहिजेत असे बंधन त्यात नाही.

महाराष्ट्राने दोनच वर्षांत उलट दिशेने पाऊल टाकले. 1995 मध्ये सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीने मुंबईतील 40 लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घरे देण्याचे वचन दिले होते. त्यासाठी झोपडपट्टी कायद्यात बदल करून डिसेंबर 1995 मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. मुख्यमंत्री त्याचे अध्यक्ष आणि योजनेच्या क्षेत्रापुरते तेच नियोजन प्राधिकरण. लोक ज्याला नुसते ‘एसआरए’ म्हणतात ते हेच. विकासकाने पात्र झोपडीधारकाला 225 चौरस फुटांचे घर फुकट बांधून द्यायचे आणि त्या बदल्यात मिळालेल्या जादा चटईक्षेत्रावर विक्रीची इमारत उभारायची, अशी ही योजना. घराचा आकार पुढे 269 आणि नंतर 300 चौरस फूट झाला.

पालिकेच्या दृष्टीने खरा प्रश्न दाटीचा आहे. पुनर्वसन योजनेत हेक्टरी किमान 500 घरे बांधण्याची अट होती. 2018 मध्ये मंजूर झालेल्या नियमावलीत ती 650 वर गेली. एवढ्या घरांना जलवाहिनी पुरेल का, शाळेत जागा आहे का, अग्निशमन दलाची गाडी आत वळेल का, हे त्या प्रभागातल्या नगरसेवकाला आणि विभाग कार्यालयाला रोज सोसावे लागते. योजनेच्या मंजुरीत नगरसेवकाचे मत मात्र लागत नाही. पालिकेच्या जमिनीवरील झोपड्यांची पात्रता ठरवणारे परिशिष्ट-2 तिचेच अधिकारी तयार करतात. म्हणजे यादी करण्याचे कष्ट तिचे आणि इमारत किती उंच होणार हे सांगण्याचा हक्क दुसऱ्याचा. एवढे करूनही तीन दशकांत मूळ उद्दिष्टातील 8 लाख घरांपैकी निम्मीसुद्धा झालेली नाहीत. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 1971 च्या कायद्याच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्यास मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले.

2018 मध्ये म्हाडालाही स्वतःच्या वसाहतींपुरते नियोजनाचे अधिकार मिळाले आणि महापालिकेचा नकाशा आणखी आकसला.

महापालिकेकडे अधिकार असते तर गरिबांना न्याय मिळालाच असता, असे मानण्यासही आधार नाही. तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना तिने माहुलच्या पुनर्वसन इमारतींत हलवले. रासायनिक कारखान्यांना लागून असलेल्या या इमारतींतील प्रदूषणामुळे उच्च न्यायालयाने 2019 मध्ये तेथे कोणालाही पाठवू नये असा आदेश दिला आणि दुसरे घर न देता आल्यास दरमहा 15,000 रुपये भाडे द्यायला लावले. तरीही दोन्ही सत्तांमध्ये एक फरक उरतो. प्रभागात चुकणाऱ्या नगरसेवकाला मतदार दारात अडवू शकतो. प्राधिकरणाच्या कार्यालयात त्याच्या हाती फक्त अर्जाची पोच येते.

पैशाच्या बाबतीतही पालिकेचे परावलंबन वाढले आहे. 1 जुलै 2017 रोजी जकात बंद झाली आणि तिची जागा राज्याकडून येणाऱ्या भरपाईने घेतली. बांधकामांवरील अधिमूल्य हे त्यानंतर उत्पन्नाचे मोठे साधन राहिले. त्याचे दर आणि सवलती यांवरही मंत्रालयाचा शब्द चालतो.

ही सारी ओढाताण धारावीत एकवटली आहे. तेथील जमिनीचा मोठा हिस्सा महापालिकेच्या मालकीचा असला, तरी पुनर्विकासाचे नियोजन राज्याच्या विशेष प्राधिकरणाकडे आहे. धारावीकरांच्या पुनर्वसनासाठी देवनार क्षेपणभूमीची सुमारे 124 एकर जागा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला. तेथील जुन्या कचऱ्याचे डोंगर हटवण्याचे काम महापालिकेकडे आले आणि 2025 मध्ये तिने त्यासाठी सुमारे 2,368 कोटी रुपयांची निविदा काढली. हा खर्च मुंबईकरांच्या करातून व्हावा की नाही, यावर सभागृहात चर्चा होऊ शकली नाही. नगरसेवकांची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली होती आणि तेव्हापासून महापालिकेचा कारभार शासननियुक्त प्रशासकाकडे होता.