पर्यायी जनित्र : क्षमतेची निवड (बारामती व इंदापूर तालुके)

मुख्य वीजपुरवठा खंडित झाल्यावर ठरावीक उपकरणे चालू ठेवण्यासाठी बसवलेल्या, बहुधा डिझेल इंजिनावर चालणाऱ्या वीजनिर्मिती यंत्राला पर्यायी जनित्र (व्यवहारात जनरेटर किंवा डीजी सेट) म्हणतात. आणि कोणती उपकरणे, कोणत्या क्रमाने व किती वेळ चालवायची हे ठरवून त्यांना पुरेल, पण विनाकारण मोठे नसेल, असे यंत्र ठरवणे म्हणजे त्याची क्षमतानिवड होय. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत हा प्रश्न घरगुती सोयीपेक्षा उत्पादनाशी अधिक जोडलेला आहे. नीरा डाव्या कालव्याखालील ऊस, द्राक्ष व डाळिंबाच्या बागा, गावोगावची दूध संकलन केंद्रे, पंख्यांवर अवलंबून असलेल्या कुक्कुटपालनाच्या शेड, भिगवणचा मासळीबाजार आणि बारामतीची औद्योगिक वसाहत या सर्वांना विजेच्या खंडाची झळ लागते, मात्र प्रत्येकाला ती सारख्या वेळात लागत नाही.

या भागाला महावितरणच्या बारामती परिमंडलातून वीज मिळते. गावठाणाचे व शेतीचे फीडर वेगळे केलेले असल्याने वस्तीला दिवसभर वीज असते, तर शेतीपंपांना थ्री-फेज पुरवठा साधारणपणे आठ तासांच्या पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळतो. गोठा, शेड किंवा शीतगृह गावठाणापासून दूर, रानात असेल तर त्याची वाहिनी उसाच्या फडांतून व झाडांखालून गेलेली असते आणि एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या वाऱ्याने तार तुटल्यास किंवा डीपी (वितरण रोहित्र) जळाल्यास पुरवठा पूर्ववत होण्यास काही तास, प्रसंगी त्याहून अधिक वेळ लागतो. त्यामुळे निवडीचा आरंभ यंत्राच्या किमतीपासून न करता, वीज गेल्यापासून नुकसान सुरू होईपर्यंत किती वेळ हाताशी आहे, या प्रश्नापासून करणे श्रेयस्कर ठरते. भर उन्हाळ्यात बंदिस्त शेडमधील पंखे थांबले तर कोंबड्या काही मिनिटांतच गुदमरू लागतात. दुधाला काही तासांची मुदत असते. उसाचे पाणी एक दिवस लांबले तरी पीक सहसा हातचे जात नाही.

जनित्राची क्षमता केव्हीए या एककात सांगतात. केव्हीए म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकारातून मिळणारी एकूण शक्ती, तर प्रत्यक्ष काम करणारी शक्ती किलोवॅटमध्ये मोजतात. या दोहोंच्या गुणोत्तराला शक्तिगुणक म्हणतात. थ्री-फेज जनित्रांसाठी तो ०.८ धरण्याची रीत असल्याने १५ केव्हीएचे यंत्र १२ किलोवॅटपर्यंतच भार उचलते. शिवाय हे १५ केव्हीए तीन फेजांत वाटलेले असतात, म्हणजे एका फेजला ५ केव्हीए किंवा सुमारे २१ अँपिअर एवढेच मिळतात. दिवे, मिक्सर, संगणक आणि एक अश्वशक्तीची मोटर हे सर्व एकाच फेजवर जोडले, तर एकूण भार निम्माही नसताना ती फेज ओव्हरलोड होते आणि दोष यंत्राला दिला जातो.

विक्रेत्याने सांगितलेला आकडा प्राइम आहे की स्टँडबाय, हेही पाहावे लागते. प्राइम क्षमता म्हणजे बदलत्या भारावर कितीही तास चालवता येईल अशी क्षमता, जिच्यावर साधारणतः बारा तासांत एक तास दहा टक्के जादा भार चालतो. स्टँडबाय क्षमता केवळ आणीबाणीच्या मर्यादित तासांसाठी असून तिच्यावर जादा भाराची सवलत नसते. बारामती-इंदापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या कोंदट खोलीत ठेवलेल्या इंजिनाची शक्ती घटते. त्यामुळे आकडेमोडीत थोडा वाव ठेवणे आणि गरम हवा बाहेर जाण्यास मोकळी वाट देणे, ही दोन्ही पथ्ये पाळावी लागतात.

निवडीत खरी चूक होते ती मोटरींच्या बाबतीत. सर्व उपकरणांच्या पाटीवरील वॅट जोडून त्यावर थोडी भर घालण्याची पद्धत दिव्यांना व हीटरला लागू पडते. मोटर मात्र सुरू होण्याच्या क्षणी नेहमीच्या सहा ते सात पट प्रवाह ओढते. पाच अश्वशक्तीच्या पाणबुडी मोटरीचे उदाहरण घेता येईल. एक अश्वशक्ती म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणून मोटरीच्या दांड्यावर ३.७ किलोवॅट शक्ती मिळते. कार्यक्षमता ८५ टक्के धरल्यास ती ४.४ किलोवॅट, म्हणजेच सुमारे ५.५ केव्हीए वीज घेते. परंतु थेट स्टार्टरने सुरू करताना पहिल्या काही क्षणांत तिची मागणी ३३ केव्हीएच्या घरात जाते. जनित्र हा झटका क्षणभर सोसू शकते, मात्र ते लहान असेल तर व्होल्टेज इतके खाली येते की स्टार्टर उडतो किंवा मोटर न फिरता घुमत राहून तापते. म्हणून अशा मोटरीसाठी १० केव्हीएचे यंत्र सीमेवरचे आणि १५ केव्हीएचे भरवशाचे समजावे. स्टार-डेल्टा स्टार्टरने सुरुवातीचा प्रवाह एकतृतीयांशावर येतो, पण तो सहा टोके बाहेर काढलेल्या मोटरीलाच लावता येतो. तीन वायरींच्या पाणबुडी मोटरीला सॉफ्ट स्टार्टर हा पर्याय उरतो.

मोटरी अनेक असतील तर क्रम निर्णायक ठरतो आणि पोल्ट्री शेडमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. दीड अश्वशक्तीचे आठ पंखे असलेल्या शेडचा चालता भार पंख्यांसाठी १४ केव्हीए आणि कूलिंग पॅडचा पंप, खाद्यवाहक व दिवे धरून १७ केव्हीएच्या आसपास येतो. वीज गेल्यावर जनित्र चालू झाले आणि सर्व पंखे एकाच क्षणी सुरू झाले, तर मागणी ८० केव्हीएच्या वर उसळते व ४० केव्हीएचे यंत्रही कष्टानेच तग धरते. त्याऐवजी टायमरने काही सेकंदांच्या अंतराने एकेक पंखा सुरू केला, तर शेवटच्या पंख्याच्या वेळीही मागणी २६ केव्हीएच्या आसपास राहते आणि २५ केव्हीएचे यंत्र काम निभावते. काही टायमरांच्या खर्चात यंत्राचा आकार जवळजवळ निम्म्यावर येतो, आणि तरीही हा विचार खरेदीनंतर होतो ही खेदाची बाब आहे. अशा शेडसाठी एकाच मोठ्या जनित्रापेक्षा बेताच्या आकाराची दोन जनित्रे अधिक सुरक्षित असतात, कारण येथे बंद पडलेल्या यंत्राची दुरुस्ती होईपर्यंत थांबायला वेळच नसतो.

दूध संकलन केंद्राचा हिशेब उष्णतेपासून मांडावा लागतो. १००० लिटर दूध ३५ अंश सेल्सिअसवरून ४ अंशांपर्यंत उतरवण्यासाठी सुमारे ३५ युनिट (किलोवॅट-तास) इतकी उष्णता काढून घ्यावी लागते. कॉम्प्रेसर घेतलेल्या विजेपेक्षा कितीतरी अधिक उष्णता बाहेर टाकत असल्याने, हे काम तीन तासांत व्हायचे तर बल्क कूलरच्या कॉम्प्रेसरला साडेचार ते पाच किलोवॅट वीज लागते. दूध ढवळणारी मोटर, कंडेन्सरचे पंखे, दुधाचा पंप, वजनकाटा, फॅट तपासणीचे यंत्र व दिवे धरून ही बेरीज सात किलोवॅटपर्यंत जाते. आकड्याने १० केव्हीए पुरेसे वाटते, तथापि कॉम्प्रेसर सुरू होताना होणारी ३५ केव्हीएची मागणी लक्षात घेता १५ ते २० केव्हीएचे यंत्र योग्य ठरते. कॉम्प्रेसर आधी आणि बाकीची उपकरणे मागून, हा क्रम पाळल्यास वजनकाटा व तपासणी यंत्र व्होल्टेजच्या गचक्यातून वाचतात. संध्याकाळचे दूध घेताना वीज जाण्याची शक्यता धरून सकाळचे दूध वेळेत थंड करून ठेवणे, हाही क्षमतेचाच एक भाग मानावा.

घरासाठी आणि लहान दुकानासाठी जनित्राची गरज क्वचितच असते. दिवे, पंखे, टीव्ही व राऊटर यांना बॅटरीवरचा इन्व्हर्टर पुरतो.

शेतीपंपासाठी जनित्र घेण्यापूर्वी डिझेलचा हिशेब मांडणे अगत्याचे आहे. लहान यंत्रे एका लिटरमध्ये साधारण तीन ते साडेतीन युनिट वीज देतात, म्हणून पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सव्वा ते दीड लिटर डिझेल खातो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून राज्य शासनाने वीजबिलात पूर्ण सवलत दिलेली असताना हा खर्च नियमित सिंचनाला परवडत नाही. रोपवाटिका किंवा ठिबकावरची द्राक्षबाग यांचे पाणी चुकू नये म्हणून ट्रॅक्टरच्या पीटीओवर (बाहेरचे यंत्र फिरवण्याच्या दांड्यावर) चालणारा अल्टरनेटर हा मधला मार्ग आहे. त्यासाठी दर केव्हीएमागे ट्रॅक्टरची साधारण दोन अश्वशक्ती धरतात. याच्या उलट टोकाला साखर कारखाने आहेत. माळेगाव, सोमेश्वरनगर किंवा भवानीनगर येथील कारखाने गाळप हंगामात बगॅसच्या वाफेवर टर्बाइन चालवतात आणि त्यांना डिझेल जनित्र लागते ते मुख्यतः टर्बाइन बंद असताना अत्यावश्यक यंत्रणा जागी ठेवण्यासाठी.

मोठे यंत्र घेतल्याने सुरक्षितता वाढते, हा समज खरा नाही. डिझेल इंजिन दीर्घकाळ तीस टक्क्यांहून कमी भारावर चालले तर ते पुरेसे तापत नाही, इंधन अर्धवट जळते, धुराड्यात काळा तेलकट थर साठतो आणि सिलिंडरच्या भिंतींना चकाकी येऊन तेल जळू लागते. चालता भार क्षमतेच्या साठ ते ऐंशी टक्क्यांत राहील असा आकार इंजिनाला व डिझेलच्या खर्चाला, दोन्हींना मानवतो. हा भार पाटीवरून ठरवण्यापेक्षा टाँग टेस्टरने (वायरीभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने) तिन्ही फेजांवर प्रत्यक्ष मोजावा. औद्योगिक ग्राहकाच्या बिलावरील कमाल मागणी उपयोगी पडते, परंतु ती काही मिनिटांची सरासरी असल्याने मोटर सुरू होतानाचा झटका तिच्यात दिसत नाही.

बसवणीतील दोन गोष्टींवर जीव अवलंबून असतात. जनित्र आणि महावितरणची लाईन यांच्यात चेंजओव्हर स्विच नसेल, तर जनित्राची वीज उलट डीपीत जाते, तेथे ती ११ हजार व्होल्टची होते आणि बंद समजून तारेवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव घेऊ शकते. न्यूट्रल आणि बॉडी यांचे अर्थिंगही स्वतंत्र असावे लागते. जोडणीनंतर फेजांचा क्रम तपासणेही आवश्यक असते, कारण क्रम उलटल्यास पंप व पंखे उलट फिरतात. पंखे फिरताना दिसतात, पण हवा ओढली जात नाही. ठरावीक क्षमतेपुढील जनित्रासाठी विद्युत निरीक्षकांची मंजुरी घ्यावी लागते. १००० केव्हीएपर्यंतच्या नव्या डिझेल जनित्राचा आवाज आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलच्या आत असण्याचे बंधन आहे, आणि ८०० किलोवॅटपर्यंतच्या नव्या यंत्रांना १ जुलै २०२३ पासून धुराचे अधिक कडक निकष लागू झाले आहेत. जुने यंत्र स्वस्तात घेताना या निकषांबरोबरच अल्टरनेटरची पाटी मूळ इंजिनाशी जुळते का, हे पाहावे. मोठ्या अल्टरनेटरला लहान इंजिन जोडलेले असेल तर पाटीवरील केव्हीए कधीच मिळत नाहीत. खरेदीपूर्वीची चाचणी रिकाम्या यंत्रावर न करता, ज्या मोटरीसाठी ते घ्यायचे तीच मोटर त्यावर थंड अवस्थेतून तीन-चार वेळा सुरू करून घ्यावी.